इनडिझाइन सर्व्हर: मागणीनुसार मराठी माहितीपत्रके तयार करणारी यंत्रणा कशी उभारावी

ठिबक सिंचनाचे साहित्य बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचे राज्यभर शेकडो विक्रेते असतात. हंगामाच्या तोंडावर त्यांतल्या प्रत्येकाला आपल्या कृषी सेवा केंद्राचे नाव, पत्ता, दूरध्वनी, दुकानाचे छायाचित्र आणि आपल्या तालुक्यातल्या पिकांना लागू पडणारे दर असलेले माहितीपत्रक हवे असते. मांडणी, रंग आणि बोधचिन्ह सर्वांसाठी एकच राहते आणि बदलतात ती मोजकी पाच-सहा ठिकाणे. डीटीपी ऑपरेटरने हे काम हाताने केले तर ते आठवडेच्या आठवडे चालते, शिवाय एका विक्रेत्याचा दूरध्वनी दुसऱ्याच्या पत्रकात राहून जाण्याची भीती असतेच. विक्रेत्याने संगणकावर अर्ज भरावा आणि थोड्या वेळात त्याला छपाईयोग्य पीडीएफ मिळावी, ही व्यवस्था कशी उभारायची, ते या लेखात क्रमाने पाहू. त्यासाठी निवडलेले साधन आहे इनडिझाइन सर्व्हर, म्हणजे अडोबीच्या इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅमची सर्व्हर आवृत्ती.

या सर्व मांडणीमागे एकच गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. पडद्यासमोर बसलेला ऑपरेटर पान पाहत असतो आणि मजकूर चौकटीबाहेर गेला, अक्षर फुटले किंवा छायाचित्र धूसर आले तर न सांगता ते दुरुस्त करतो. सर्व्हरला पान दिसत नाही. ऑपरेटरच्या नजरेत जे जे तपासले जात होते, ते प्रत्येक आपल्याला आधी शब्दांत मांडून मग स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सर्व्हरला कामाचा क्रम सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, लिहावे लागते. यंत्रणा बसवण्याला फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो या तपासण्यांना.

हे साधन केव्हा घ्यावे

इनडिझाइन १९९९ मध्ये आले आणि त्याची पडद्याविना चालणारी सर्व्हर आवृत्ती २००५ मध्ये सीएस२ या आवृत्तीसोबत आली. मांडणीचे इंजिन दोन्हींत एकच आहे. म्हणून डिझायनरने आपल्या संगणकावर जसे पान बनवले, तसेच ते सर्व्हरवर उमटते, आणि हाच त्याचा खरा फायदा आहे. खिडक्या, मेनू आणि सूचनांच्या चौकटी तेवढ्या त्यातून काढलेल्या आहेत. ते विंडोज आणि मॅक या प्रणालींवर चालते, लिनक्सवर चालत नाही. परवाना वेगळा घ्यावा लागतो. डिझायनरच्या मासिक वर्गणीत तो येत नाही, आणि साधे इनडिझाइन एखाद्या संगणकावर सतत चालू ठेवून त्याच्याकडून सर्व्हरचे काम करून घेणे परवान्यात बसत नाही.

खर्च लक्षात घेता, पावत्या, हजेरीपत्रके, साधी प्रमाणपत्रे अशा कामांसाठी हे साधन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे एचटीएमएलमधून पीडीएफ बनवणारे एखादे मोफत साधन पुरेसे होते. मुक्त साधनांतच राहायचे असेल, तर स्क्रायबस पडद्याविना चालवून पायथन स्क्रिप्टने त्याच्याकडून पाने करून घेता येतात, १.५.३ या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट बसू लागली. मात्र डिझायनर मंडळी आधीपासून इनडिझाइनमध्ये काम करत असतील, छपाई चार रंगांत ऑफसेटवर होणार असेल आणि मांडणी गुंतागुंतीची असेल, तर त्यांच्या फायली दुसऱ्या साधनात पुन्हा उभ्या करण्यात जाणारे श्रम सर्व्हरच्या परवान्यापेक्षा महाग पडतात.

बसवणे आणि पहिली विनंती

बसवण्यापूर्वी आवृत्ती ठरवून घ्यावी. नव्या आवृत्तीत साठवलेली इनडिझाइनची मूळ फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून डिझायनरांच्या संगणकांवरील आणि सर्व्हरवरील मुख्य आवृत्ती एकच हवी. एखाद्या डिझायनरच्या संगणकावर आपोआप नवी आवृत्ती आली आणि त्याने साचा तिच्यात साठवला, तर दुसऱ्या दिवशी सर्व्हर तो साचा नाकारतो. आपोआप अद्ययावत होण्याची सोय डिझायनरांकडे बंद ठेवावी. तेही शक्य नसेल, तर साचा आयडीएमएल या रूपात घ्यावा. सीएस४ पासून असलेले हे रूप म्हणजे एक्सएमएल (माहितीला नावांच्या खुणा लावून लिहिण्याचे रूप) फायलींचे बांधलेले पुडके असते आणि ते वेगळ्या आवृत्तीतही उघडता येते. तसे केल्यास ओळी कुठे तुटतात, हे मात्र पुन्हा तपासून घ्यावे लागते.

सर्व्हर कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या काळ्या खिडकीतून, सुरू होतो. सुरू करताना त्याला पोर्टचा, म्हणजे विनंत्या ज्या वाटेने येतील त्या वाटेचा, क्रमांक द्यावा लागतो. अडोबीच्या उदाहरणांत बहुधा १२३४५ हा क्रमांक आढळतो. विंडोजवर एकाच नावाच्या दोन फायली दिसतात. त्यांपैकी कॉम हे शेपूट असलेली फाइल चालवली, तर सर्व्हरचे संदेश त्याच काळ्या खिडकीत दिसत राहतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत तीच वापरावी. पुढे नेहमीच्या वापरासाठी सर्व्हर विंडोजची सेवा म्हणून नोंदवता येतो, म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तो आपोआप उभा राहतो. इथे अनेकांचा एक दिवस वाया जातो, तो असा: सेवा ज्या खात्याने चालते, त्या खात्याला आपण जोडलेले नेटवर्कचे ड्राइव्ह दिसत नाहीत. काळ्या खिडकीतून सर्व काही नीट चालते आणि सेवा म्हणून चालवताच साचा सापडत नाही. सेवेसाठी स्वतंत्र खाते करावे, त्याला हव्या त्याच फोल्डरांचे अधिकार द्यावेत आणि मार्ग लिहिताना ड्राइव्हचे अक्षर न वापरता यंत्राच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क मार्ग लिहावा.

सर्व्हरशी बोलण्याचा रूढ मार्ग सोप, म्हणजे नेटवर्कवरून एक्सएमएल रूपातले संदेश देण्या-घेण्याची पद्धत, हा आहे. ब्राउझरमध्ये त्याच पोर्टवर सर्व्हिस हा पत्ता देऊन पुढे प्रश्नचिन्हासह डब्ल्यूएसडीएल असे लिहिले की सेवेचे वर्णन करणारी एक्सएमएल फाइल दिसते. ती दिसली म्हणजे सर्व्हर ऐकतो आहे. या सेवेतली आपल्या कामाची क्रिया एकच, रनस्क्रिप्ट. तिला स्क्रिप्टची भाषा, स्क्रिप्ट फाइलचा मार्ग आणि नाव-मूल्य अशा जोड्यांत काही माहिती द्यायची, आणि उत्तरात त्रुटी क्रमांक, त्रुटीचा मजकूर व स्क्रिप्टने परत दिलेले मूल्य घ्यायचे, एवढाच तिचा व्यवहार आहे. पहिली चाचणी म्हणून केवळ आवृत्तीचा क्रमांक परत देणारी एका ओळीची स्क्रिप्ट पाठवावी. अडोबी सोबत देत असलेल्या सँपलक्लायंट या छोट्या प्रोग्रॅमने ती पाठवता येते, त्यासाठी स्वतःचा कोड लिहावा लागत नाही.

साचा तयार करून घेणे

डिझायनरकडून येणारी फाइल सुंदर असते, पण बहुधा साचा म्हणून वापरण्याजोगी नसते. प्रत्येक बदलत्या जागेसाठी स्वतंत्र चौकट असावी आणि लेयर्सच्या पॅनेलमध्ये तिला ठरलेले नाव द्यावे, उदाहरणार्थ दुकाननाव, पत्ता, दूरध्वनी, दरतक्ता, छायाचित्र. स्क्रिप्ट चौकट शोधते ती या नावाने. स्क्रिप्ट लेबल या पॅनेलमधूनही चौकटीवर खूण ठेवता येते, परंतु दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या की सहा महिन्यांनी कोणती खरी, हे कोणालाच सांगता येत नाही, एकच ठरवावी. चौकटीतल्या मजकुराला परिच्छेद शैली (फाँट, आकार, अंतर यांचा नाव देऊन ठेवलेला संच) लावलेली असावी आणि त्या शैलीवर हाताने केलेले कोणतेही बदल शिल्लक नसावेत.

यामागचे कारण असे की, स्क्रिप्टने चौकटीतला मजकूर बदलला की नव्या मजकुराला जुन्या मजकुराच्या पहिल्या अक्षराचे रूप मिळते. पत्त्याच्या चौकटीत डिझायनरने पहिला शब्द ठळक आणि बाकीचे साधे ठेवले असेल, तर नवा पत्ता पूर्णच ठळक येतो. एकाच चौकटीत दोन रूपे हवीच असतील, तर तिथे खुणेचे शब्द ठेवून ते शोधा-बदला पद्धतीने बदलावेत. माझा अनुभव सांगतो की, वेगळ्या चौकटी करणे दर वेळी कमी त्रासाचे ठरते.

मराठी मजकूर: इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

इनडिझाइनच्या इंग्रजी वापरकर्त्यांसाठी असलेल्या नेहमीच्या रचनापद्धतीत देवनागरी मोडते. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसतात आणि रफार भलत्याच ठिकाणी जातो. त्यासाठी परिच्छेद शैलीत जस्टिफिकेशनच्या विभागात वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडावा लागतो. सीएस६ पासून मराठीसह दहा भारतीय भाषांसाठीची ही सोय इनडिझाइनमध्ये आहे. निवड शैलीतच साठवली की ती साच्यासोबत सर्व्हरवर जाते. सर्व्हरवर वेगळे काही करावे लागत नाही. परंतु साच्यातल्या बारा शैलींपैकी अकरांत ती निवड केलेली असते आणि बारावी, म्हणजे तळटीपेची, राहून गेलेली असते. डिझायनरने नमुन्यादाखल तिथे इंग्रजी मजकूर टाकलेला असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रिप्टने साचा उघडताच सर्व परिच्छेद शैली तपासाव्यात आणि एखादी वेगळी आढळली तर साचाच नाकारावा. ही तपासणी दहा ओळींची आहे आणि तिने वाचणारे कागद मोजण्यापलीकडचे आहेत.

त्याच शैलीत भाषा मराठी ठेवावी. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि काही फाँटांत मराठी वळण भाषेच्या निवडीवर अवलंबून असते. भाषा हिंदी राहिली तर पत्रक चुकीचे ठरत नाही, पण ज्या वाचकाला मराठी वळणाची सवय आहे, त्याला ते परके वाटते. शब्द तोडून संयोगचिन्ह देण्याची सोय नाव, पत्ता आणि दर यांच्या शैलींत पूर्ण बंद ठेवावी.

फाँट निवडताना रूपाइतकाच परवानाही पाहावा. डिझायनरच्या संगणकावर वापरायचा परवाना आणि सर्व्हरवर इतरांच्या मागणीनुसार पाने बनवण्याचा परवाना या बहुतेक व्यावसायिक फाँटांच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी आहेत. अडोबीच्या वर्गणीतून मिळणारे फाँट सर्व्हरवरही चालतील, असे गृहीत धरू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ किंवा आयआयटी मुंबईतून आलेले ‘शोभिका’ असे खुल्या परवान्याचे फाँट घेतले, तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. फाँटच्या फायली सर्व्हरच्या फाँट्स फोल्डरमध्ये किंवा साच्याशेजारच्या डॉक्युमेंट फाँट्स या फोल्डरमध्ये ठेवता येतात. दुसरी पद्धत मला अधिक सोयीची वाटते, कारण साचा आणि त्याचे फाँट एकत्र हलतात.

आता येणाऱ्या मजकुराकडे वळू. विक्रेता अर्ज भरतो तो मोबाइलवरून, आणि एकच शब्द वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळ्या संकेतांनी येतो. ॲ हे अक्षर कोणी एकाच संकेताने पाठवतो, तर कोणी अ आणि त्यावर चंद्र अशा दोन संकेतांनी. एकसंध ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेत ठरवून देणाऱ्या जागतिक प्रमाणात, २००८ मध्ये आला, त्यामुळे काही जुन्या फाँटांत तो नसतो आणि त्या जागी रिकामी चौकट छापली जाते. दऱ्या, वाऱ्याची, तऱ्हा या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्ता (खालचा टिंब) असलेला र आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. मजकूर साफ करण्याच्या उत्साहात न दिसणारी सगळी चिन्हे काढून टाकणारा कोड अनेक तयार कोडसंचांत (लायब्ररींत) असतो. त्याने दुसऱ्या प्रकारातले जोडचिन्ह गेले की दऱ्याचा दर्या होतो, आणि शुद्धलेखन तपासनिसालाही ते पटकन सापडत नाही. म्हणून साफसफाई क्रमाने करावी: आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह हा समूह नुक्ता असलेल्या ऱ च्या रूपात बदलून घ्यावा, मग मजकूर युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावा आणि त्यानंतरच उरलेली अनावश्यक चिन्हे काढावीत.

दर आणि दूरध्वनी देवनागरी अंकांत छापायचे की रोमन अंकांत, हेही एकदाच ठरवून स्क्रिप्टपूर्वीच रूपांतर करावे. विक्रेत्यावर सोपवले तर एकाच पत्रकात दोन्ही येतात. कंपनीची जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत असेल, तर ती आधी रूपांतरित करून माणसाकडून वाचून घ्यावी. अशा रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी यांच्या चुका राहतातच, आणि सर्व्हर त्या इमानेइतबारे छापतो.

माहिती स्क्रिप्टपर्यंत नेणे

रनस्क्रिप्टच्या नाव-मूल्य जोड्यांतून सगळा मजकूर पाठवता येतो, पण पाठवू नये. प्रत्येक मागणीसाठी एक फोल्डर करावा, त्यात माहितीची फाइल आणि छायाचित्र ठेवावे आणि सर्व्हरला केवळ त्या फोल्डरचा मार्ग द्यावा. पुढे काही बिघडले, तर तोच फोल्डर घेऊन तीच मागणी पुन्हा चालवून पाहता येते, आणि ही सोय दुरुस्तीच्या वेळी अमूल्य ठरते. फोल्डरांची नावे रोमन अक्षरे आणि अंक यांचीच असावीत.

माहितीची फाइल एक्सएमएल रूपात ठेवण्याचे कारण तांत्रिक आहे. सर्व्हरवर चालणारी एक्स्टेंडस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टच्या एका जुन्या प्रमाणावर, एक्मास्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीवर, आधारलेली आहे. तिच्यात जेसन (माहिती लिहिण्याचे दुसरे एक रूप) वाचण्याची अंगभूत सोय नाही, एक्सएमएल वाचण्याची मात्र आहे. जेसन हवेच असेल, तर ते वाचणारी लहान फाइल सोबत जोडावी. मजकूर कोड म्हणून चालवून घेण्याचा सोपा वाटणारा मार्ग घेऊ नये, कारण विक्रेत्याने अर्जात लिहिलेले काहीही मग सर्व्हरवर चालू शकते.

इथे दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाइल उघडण्यापूर्वी तिचे संकेतन (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे, असे स्क्रिप्टला स्पष्ट सांगावे. नाहीतर ती प्रणालीचे नेहमीचे संकेतन धरते आणि मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. दुसरे असे की, इनडिझाइनमध्ये नवा परिच्छेद आणि सक्तीची नवी ओळ ही दोन वेगळी चिन्हे आहेत आणि संकेतस्थळाच्या अर्जातून येणारे ओळसमाप्तीचे चिन्ह त्याला सक्तीच्या ओळीसारखे दिसते. पत्त्याच्या ओळींमधले अंतर अपेक्षेपेक्षा कमी दिसू लागले, तर कारण बहुधा हेच असते.

स्क्रिप्टचा क्रम

सुरुवातीलाच मोजमापाचे एकक मिलिमीटर ठरवून द्यावे. साचा प्रत म्हणून उघडावा, मूळ फाइल म्हणून नव्हे. म्हणजे चुकूनही साठवला गेला तरी साचा शाबूत राहतो. उघडल्याबरोबर फाँटांची स्थिती आणि जोडलेल्या चित्रांचे दुवे तपासावेत. पडद्यावरच्या इनडिझाइनमध्ये फाँट सापडला नाही की इशारा येतो, सर्व्हरमध्ये इशारा पाहणारे कोणी नसते. तो दुसरा फाँट घेऊन पुढे जातो आणि पीडीएफ बिनतक्रार तयार होते. फाँट किंवा दुवा गहाळ असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे.

त्यानंतर चौकटी भराव्यात. छायाचित्र ठेवताना ते चौकट पूर्ण भरेल अशा प्रमाणात बसवावे आणि बसवल्यानंतर त्याची प्रत्यक्ष घनता वाचावी. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू हे नेहमीचे प्रमाण आहे. २०० च्या खाली गेलेले छायाचित्र मी नाकारायला सांगतो. विक्रेते छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून फिरवून आणतात आणि त्यात ती आकुंचित झालेली असतात. अर्जातच मूळ छायाचित्र जोडण्याची सूचना दिली, तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

मग येतो या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे न मावणाऱ्या मजकुराचा. साध्या चार अक्षरी नावाला पुरणारी चौकट ‘श्री ज्ञानेश्वर माउली कृषी सेवा केंद्र व पाइप विक्री भांडार’ या नावाला पुरत नाही. चौकटीबाहेर गेलेला मजकूर इनडिझाइन छापत नाही, तो गुप्त होतो, आणि दूरध्वनीचे शेवटचे आकडे नसलेले पत्रक हजारांच्या संख्येने छापून येते. प्रत्येक चौकटीला ओव्हरफ्लोज हा गुणधर्म असतो. भरल्यानंतर पानाची पुन्हा रचना करून घ्यावी आणि तो वाचावा. मजकूर मावत नसेल, तर अक्षरांचा आकार पाव पाव पॉइंटने कमी करत जावा, पण प्रत्येक चौकटीसाठी डिझायनरकडून किमान आकार आधीच लिहून घ्यावा. त्या मर्यादेपर्यंत जाऊनही मजकूर मावला नाही, तर पीडीएफ करू नये आणि अर्जदाराला कोणता मजकूर लांब आहे, ते कळवावे. अक्षरे आडवी दाबून मजकूर बसवण्याचा मोह टाळावा. दाबलेली देवनागरी लगेच ओळखू येते. आकार कमी करताना ओळींमधील अंतर आपोआप ठरणारे न ठेवता ठरावीक ठेवावे, अन्यथा आकारासोबत ओळींमधील अंतरही कमी होत जाते.

फाँट उपलब्ध असूनही त्यात एखादे अक्षर नसणे ही वेगळी अडचण आहे आणि फाँटच्या स्थितीवरून ती कळत नाही. त्यासाठी इनडिझाइनच्या प्रीफ्लाइट या छपाईपूर्व तपासणीतला गहाळ अक्षरचित्राचा नियम लावता येतो. तो नको असेल, तर अर्जातच परवानगी असलेल्या अक्षरांची यादी ठेवावी. नावापुढे फुलाचे किंवा नमस्काराचे चित्रचिन्ह टाकणारे विक्रेते कमी नाहीत.

स्क्रिप्टचे सर्व काम त्रुटी पकडणाऱ्या रचनेत गुंडाळावे आणि काम यशस्वी होवो वा न होवो, शेवटी फाइल न साठवता बंद करावी. उघड्या राहिलेल्या फायली साठत गेल्या की सर्व्हर मंदावतो. परत देण्याच्या मूल्यात केवळ ‘झाले’ असे न लिहिता किती पाने झाली, कोणत्या चौकटीत आकार किती कमी झाला आणि छायाचित्राची घनता किती आली, हे सर्व द्यावे. सर्व्हरचा त्रुटी क्रमांक शून्य आला, तर त्याचा अर्थ स्क्रिप्ट कोसळली नाही एवढाच असतो.

पीडीएफ

विक्रेत्याला आधी कमी घनतेची जेपेग प्रतिमा दाखवावी आणि त्याने होकार दिल्यावरच पीडीएफ करावी. पीडीएफचे ठरीव संच नावाने मागवता येतात. अडोबीच्या मूळ संचांची नावे चौकोनी कंसांसकट द्यावी लागतात, कंस विसरले की संच सापडत नाही. कोणता संच घ्यायचा, हे प्रेसला विचारून ठरवावे. पीडीएफ-एक्स-१ए मध्ये पारदर्शक भाग सपाट केले जातात आणि रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया) व विशेष रंगांपुरतेच राहतात, तर पीडीएफ-एक्स-४ मध्ये पारदर्शकता तशीच जाते. नव्या यंत्रणा असलेल्या प्रेसला दुसरा चालतो, जुन्या प्रेस पहिलाच मागतात. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेला छपाईचा भाग, साच्यातच असावे. बारीक मराठी मजकूर केवळ काळ्या शाईत असावा, चार शाया मिळून झालेला काळा नसावा. प्लेटा किंचित सरकल्या तरी अशा अक्षरांच्या कडांना रंगीत सावली येते.

रांग आणि एकापेक्षा जास्त इन्स्टन्स

सर्व्हरचा एक इन्स्टन्स, म्हणजे त्याची चालू असलेली एक प्रत, एका वेळी एकच काम करतो. दुसरी विनंती आली तर ती थांबते. म्हणून संकेतस्थळाने थेट सर्व्हरला हाक मारून उत्तराची वाट पाहू नये. मागणी रांगेत नोंदवावी, अर्जदाराला क्रमांक द्यावा, आणि रांगेतून एकेक काम उचलून सर्व्हरला देणारा वेगळा प्रोग्रॅम ठेवावा. जास्त वेग हवा असेल, तर एकाच यंत्रावर वेगवेगळ्या पोर्टवर अनेक इन्स्टन्स चालवता येतात, परवान्यात मुभा असेल तेवढे. सुरुवात प्रोसेसरच्या गाभ्यांइतक्या इन्स्टन्सने करावी आणि स्मृती किती लागते, ते पाहून संख्या कमी करावी. प्रत्येकाला स्वतंत्र कॉन्फिगरेशनचे नाव द्यावे, म्हणजे त्यांच्या पसंतीच्या फायली एकमेकांत मिसळत नाहीत.

काही काम अडकून राहणारच, हे धरून चालावे. प्रत्येक कामाला कालमर्यादा असावी. ती उलटली की तो इन्स्टन्स बंद करून पुन्हा सुरू करावा आणि काम एकदाच पुन्हा द्यावे. दुसऱ्यांदाही अडकले, तर ते बाजूला काढून माणसाकडे पाठवावे. ही मर्यादा घातली नाही, तर एकच सदोष छायाचित्र असलेली मागणी एकामागून एक सगळे इन्स्टन्स पाडत जाते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सर्व्हरच नादुरुस्त झाल्यासारखे वाटते. याखेरीज इन्स्टन्स रोज रात्री क्रमाने पुन्हा सुरू करावेत. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्स्टन्सची स्मृती वाढत जाते.

सुरक्षा

रनस्क्रिप्टला जो पोहोचू शकतो, तो त्या यंत्रावर सर्व्हरच्या खात्याला शक्य असलेले काहीही करू शकतो, अगदी फायली पुसणेसुद्धा. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. रांग चालवणाऱ्या यंत्राशिवाय इतर कोणाला ते दिसणार नाही, अशी फायरवॉलची मांडणी करावी. बाहेरून येणाऱ्या मागणीत स्क्रिप्ट किंवा फाइलचा मार्ग कधीही स्वीकारू नये. साच्याचे नाव ठरलेल्या यादीतून निवडले जावे. छायाचित्र आधी दुसऱ्या साधनाने उघडून नव्याने जेपेग म्हणून साठवावे आणि मगच फोल्डरमध्ये टाकावे.

चाचणीसंच आणि आवृत्तीबदल

अवघड मागण्यांचा एक कायमचा संच करून ठेवावा: सर्वांत लांब नाव, सर्वांत लहान नाव, पाच ओळींचा पत्ता, छायाचित्राविना मागणी, दोन्ही प्रकारे लिहिलेले ऱ्य आणि ऱ्ह, दोन्ही प्रकारचा ॲ, ज्ञ, क्ष, श्र, द्व, ट्ट अशी जोडाक्षरे, आणि नावात इंग्रजी आणि-चिन्ह असलेली एक मागणी, कारण ते एक्सएमएलमध्ये नीट बदलून न लिहिल्यास फाइलच वाचली जात नाही. या प्रत्येकाची माणसाने तपासून मान्य केलेली पीडीएफ जपून ठेवावी. साचा, फाँट किंवा स्क्रिप्ट यांपैकी काहीही बदलले की संच पुन्हा चालवावा, नव्या-जुन्या पीडीएफ प्रतिमांत रूपांतरित करून बिंदू न् बिंदू पडताळावा आणि जिथे फरक दिसेल, तेवढीच पाने माणसाने पाहावीत.

इनडिझाइनची मुख्य आवृत्ती बदलताना हा संच सर्वाधिक उपयोगी पडतो. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ या मुक्त इंजिनाकडे आले आहे, आणि इंजिन बदलले की काही जोडाक्षरांची रुंदी किंचित बदलते. तेवढ्यानेही एखादी ओळ खाली उतरून मजकूर चौकटीबाहेर जाऊ शकतो. म्हणून नवी आवृत्ती जुन्याशेजारी वेगळ्या पोर्टवर बसवावी, चाचणीसंच आणि मागच्या महिन्यातल्या खऱ्या मागण्यांचे जपलेले फोल्डर दोन्हींवर चालवावेत, फरक असलेले साचे डिझायनरकडून दुरुस्त करून घ्यावेत आणि मग एकेक साचा नव्या पोर्टकडे वळवावा. शेवटचा साचा वळवला की त्याच दिवशी जुना इन्स्टन्स काढून टाकू नये. प्रेसकडे गेलेल्या मागण्यांची फेरछपाई मागितली जाण्याची मुदत संपेपर्यंत तो बंद अवस्थेत तसाच ठेवावा.